पुन्हा अंडी!

माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या झोअँथिडच्या (लाडानं झोआ; प्रवाळाचा फुलासारखा दिसणारा नातेवाईक) बुडाशी पुन्हा तीच अंड्यांची पांढरट वेटोळी! गेल्या रविवारीच सगळे फ्रॅग (झोआचे छोटे तुकडे) आयोडीनच्या पाण्यात बुचकळून काढले होते. ही अंडी घालणारे न्युडिब्रँक, म्हणजे झोआ खाणारे बिनशंखाचे समुद्री जीव, मरतात हो, पण अंडी मरत नाहीत. म्हणून आठवड्याला हाच उद्योग. त्यात हा गोगलगाईचा भाऊबंद ज्या रंगाचा झोआ खातो, त्याच रंगाचा होऊन बसतो. शोधा मग रात्री दोनला टॉर्च घेऊन! आई म्हणते, "समुद्र कुठं, लातूर कुठं! 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, अन् तू घरात बसून खारं पाणी करायलास?" आता तिला काय सांगू? आरओचं वाया जाणारं पाणी तिच्याच फरशीला वापरतो की. आणि हे फुकटे? महिन्याभराच्या पगारातून वाचवून आणलेल्या झोआवर पोसलेत नुसते!