बर्फातल्या चढावर चालवून बघा

सुबारू इम्प्रेझा सेडानवरच्या लेखात तिच्या सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, रटाळ म्हटलंय. आवाजाबाबत सहमत, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन एका सुरात घुमत राहतं आणि वेग सावकाश मागून येतो. पण १५२ हॉर्सपॉवरच्या २ लिटर इंजिनाकडून अपेक्षा तरी किती ठेवायची? इथे कोलोरॅडोत बर्फाळ चढावर सिग्नल सुटला की गाडी गुपचूप निघते, गिअर बदलल्याचा हिसका नाही. तिथे सीव्हीटी आणि ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद) ही जोडी लाजवाब! उतारावर ब्रेक मारताना मात्र ऑल-व्हील ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही, विंटर टायर हवेतच. आणि एक टायर फाटला म्हणून एकच नवा टाकू नका. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या घेरात फरक पडला की ऑल-व्हील ड्राइव्हच्या क्लचवर फुकटचा ताण. बाकी २०२४ च्या मॉडेलपासून अमेरिकेत इम्प्रेझा फक्त हॅचबॅक मिळते, म्हणजे आम्हा डिकीवाल्यांची पंचाईतच.