माळ्यावर ग्लासवूल गच्च भरू नका

थंड हवेतल्या जुन्या घरांसाठी एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतो आहे: 'माळ्यावर ग्लासवूल (काचेच्या बारीक धाग्यांची लोकर) दाबून गच्च भरा, वाऱ्याला एकही फट ठेवू नका, वरून फॉइल पसरा. थर जितका जाड तितकी बचत.' यातलं शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे. 'एकही फट नको' मात्र छपराच्या मुळावर येणारं आहे.

आधी 'दाबून गच्च'. ऊब अडते ती धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. 100 मिमीचा थर दाबून 50 वर आणलात की उष्णतेला होणारा रोध जवळपास निम्मा होतो. त्यावर ट्रंका रचल्या तरी तेच. सामान ठेवायचंच असेल तर थराच्या वर, उंच आधारांवर फळ्या टाका.

फटी दोन जातीच्या असतात. खोलीतली हवा माळ्यावर नेणाऱ्या फटी, म्हणजे वायर-पाइपांची भोकं आणि माळ्याच्या झाकणाची कड, थर घालण्याआधीच बुजवा. जुना थर उचलून पाहा: जिथे काळपट डाग दिसतील तिथून खालची धुळकट हवा वर येते आहे. वळचणीतून बाहेरची हवा माळ्यावर खेळण्याची वाट मात्र उघडीच हवी. तिथे छपराच्या आतल्या अंगाला थर टेकू देऊ नका, 50 मिमी मोकळे सोडा. ही वाट बंद झाली की खोलीतून आलेली वाफ थंड लाकडावर पाणी होऊन बसते. पहाटे बॅटरी मारून बघा, खिळ्यांच्या टोकांवर थेंब लोंबताना दिसतील. पुढे बुरशी येते आणि मग वासे कुजतात.

आडव्या पसरलेल्या फॉइलची चकाकी धुळीने लवकरच मरते. शिवाय ते थराच्या थंड बाजूला वाफ कोंडतं. वाफ अडवणारा पडदा थराखाली, खोलीच्या बाजूला हवा.

आता जाडी. एका अंशाच्या फरकाला उघड्या छतातून चौरस मीटरमागे साधारण 2.3 वॉट उष्णता जाते. 100 मिमी थराने ती 0.34 वर येते, 200 ने 0.18, 300 ने 0.13. म्हणजे खरी कमाई पहिल्या थराची. दुसरा थर तुळयांना काटकोनात घाला, म्हणजे तुळयांतून निसटणारी ऊबही झाकली जाते.

वायरिंगबद्दल या सल्ल्यात अक्षर नाही, ही मोठीच चूक. थराखाली गाडलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. वायर थराच्या वर घ्या, आणि जुनं रबरी आवरण तडकलेलं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ती बदलून घेतल्याशिवाय ग्लासवूलचा गठ्ठा उघडूच नका.