दार उघडलं, पण सगळ्यांसाठी नाही

बेसबॉलवरचा तुमचा लेख आवडला. पण त्यातलं '१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना दार उघडलं' हे मोठ्या लीगबद्दलचं (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च पातळी) वाक्य मनाला टोचलं. रे डॅन्ड्रिजचं काय?

निग्रो लीग (कृष्णवर्णीय खेळाडूंची वेगळी लीग) आणि मेक्सिको गाजवून हा थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक, १९४९ मध्ये मिनियापोलिस मिलर्सकडे आला. मोठ्या लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्सचा हा मायनर लीग संघ, म्हणजे मोठ्या लीगपासून एकच पायरी खाली. पाय असे फेंगडे, की लोक म्हणत, त्यांच्यामधून आगगाडी जाईल, पण चेंडू जाणार नाही! १९५० मध्ये फलंदाजीची सरासरी .३११ आणि अमेरिकन असोसिएशनचा, म्हणजे मिलर्स खेळत त्या लीगचा, सर्वोत्कृष्ट खेळाडू. वय सदतिशीला टेकलेलं. तरी मोठ्या लीगचं बोलावणं आलं नाही.

१९५१ मध्ये त्याच संघात वीस वर्षांचा विली मेज हा कृष्णवर्णीय खेळाडू आला. ३५ सामन्यांत .४७७, आणि मे महिन्यातच जायंट्सकडे रवाना. मेजची गुणवत्ता वादातीत, त्याबद्दल आनंदच आहे. पण त्याला निरोप देणाऱ्या डॅन्ड्रिजचा चेहरा डोळ्यांसमोर आला की गलबलून येतं.

मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या या माणसाला १९८७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं. तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. लेखात त्याच्यावर एक परिच्छेद जरूर घाला.