सहीवर सही

वर्गात मी एका बाबतीत फार कडक आहे. डायरीत लिहून दिलेल्या शेऱ्याखाली पालकांची सही हवी म्हणजे हवी. खोटी सही मला तीन बाकांवरून ओळखता येते. बापाची म्हणून पोरगं जी सही ठोकतं ती नेहमी जरा जास्तच सुवाच्य असते. वर्षानुवर्षं मी अशा सह्या पकडत आले. मग परदेशातल्या एका शाळेत गणिताच्या जागेसाठी अर्ज केला, मुलाखतीआधी तयार ठेवायच्या कागदांची यादी तिकडून आली आणि कळलं, की या खेपेला डायरी माझी आहे.

पदवी, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, पोलिसांचा दाखला, शिफारसपत्रं, फोटो, पासपोर्ट. आणि सगळ्यात खाली, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं: पदवीवर अपोस्टिल असावं.

"अपोस्टिल म्हणजे काय रे?" मी नवऱ्याला विचारलं.

"जेवणाआधी घ्यायचं की नंतर, ते लिहिलंय का बघ."

औषध नव्हतं ते. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेगमध्ये एक करार झाला. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालवायचा तर वकिलातींच्या ज्या पायऱ्या झिजवाव्या लागत, त्या वाचाव्यात म्हणून करारातल्या देशांनी एकच प्रमाणपत्र मान्य केलं. त्याचा नमुनासुद्धा ठरवून दिला: चौरस, बाजू किमान ९ सेंटिमीटर, आत १ ते १० क्रमांकांचे रकाने, मथळा फ्रेंचमध्ये. क्षेत्रफळ किमान ८१ चौरस सेंटिमीटर. हे कोणी विचारलं नव्हतं, पण सवय.

एवढा थाट करून हा चौरस सांगतो काय? तर कागदावरची सही खरी आहे, सही करणारा त्या हुद्द्यावर होता आणि शिक्का त्याचाच आहे. बस. कागदात जे लिहिलंय ते खरं आहे का, या बाईंना गणित येतं का, याबाबत अपोस्टिल मिठाची गुळणी धरून बसतं. शिवाय त्या चौरसापर्यंत पोचायच्या आधी माझ्या पदवीवरच्या सहीची खात्री एका कचेरीनं करायची आणि त्या कचेरीच्या सहीची वरच्या कचेरीनं. म्हणजे बापाची सही खरी असल्याबद्दल आईची सही, आईची खरी असल्याबद्दल आजीची, आणि गृहपाठ केला का, हे कोणीच विचारत नाही.

पण माझी गाडी अडली ती त्याच्याही अलीकडे. पदवी मिळाली त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी ती कौतुकानं लॅमिनेट करून आणली होती. खिडकीतल्या माणसानं तिच्यावर नखानं टकटक केलं. "यावर शिक्का बसत नाही." घरी येऊन एका कोपऱ्यातून प्लास्टिक सोलायला घेतलं, तर प्लास्टिकबरोबर विद्यापीठाची मोहरही निघायला लागली. सोलणं थांबवून दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला. त्यात कारणाचा रकाना होता: मूळ प्रत हरवली, फाटली की जळाली? 'फार जपली' असा पर्यायच नव्हता.

मग नावाचं. पदवीवर मधलं नाव पूर्ण, गुणपत्रिकेवर त्याचं नुसतं आद्याक्षर आणि पासपोर्टवर आडनावात एक 'ए' जास्तीचा. या तिन्ही बायका एकच आहेत असं शपथपत्र करावं लागलं. "सही यांच्यातल्या कुठल्या बाईची करू?" असं मी विचारून पाहिलं. खिडकीतल्या माणसांना विनोद चालत नाहीत.

तारीख नीट न लिहिणाऱ्याचा मी अर्धा गुण कापते. माझ्या दाखल्यांवर होतं: आधीची शाळा सोडली ०३/०४, पुढची धरली ०४/०४. तीन एप्रिलला सोडली, चारला धरली. मध्ये एका रात्रीची झोप. तिकडच्यांनी सोडल्याची तारीख महिना आधी धरून वाचली, ४ मार्च! 'मधल्या एका महिन्यात आपण काय करत होता?' असं विचारणारं पत्र आलं. आता, जिथे मुलांशी संबंध येतो तिथे मधल्या काळाचा हिशोब मागतात ते योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण पत्र वाचून पहिला विचार माझ्या मनात आला तो हाच, की खरंच, काय करत होते मी? दोन दिवस आठवत बसले होते. दाखला उलटा वाचलाय हे नवऱ्याच्या लक्षात आलं.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, चेहरा निर्विकार. त्यात मी अशी आले आहे, की सोबत जोडलेल्या पोलिसांच्या दाखल्यावर कोणाचा चटकन विश्वास बसू नये. 'अध्यापनाविषयी माझी भूमिका' एका पानात लिहून झाली; तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

शेवटी पासपोर्ट स्कॅन केला. फोटोच्या पानाखाली यंत्रासाठी प्रत्येकी ४४ खुणांच्या दोन ओळी असतात, त्या मी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. नाव संपल्यावर उरलेली जागा एकाच चिन्हानं भरून काढतात, आणि ते चिन्ह आमच्या गणितात 'पेक्षा लहान' असं वाचतात. माझं नाव, आणि पुढे पेक्षा लहान, पेक्षा लहान, पेक्षा लहान, पार ओळ संपेपर्यंत. कोणापेक्षा, ते कुठेच नाही. बराच वेळ बघत राहिले, मग फाइल पाठवून झोपले.

मुलाखतीच्या दिवशी टेबलावर सगळे मूळ कागद कप्प्याकप्प्यांच्या फाइलमध्ये, कप्प्यांना चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांना क्रमांक. पडद्यावर मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षक. पदवीचं नाव कोणी काढलं नाही. ज्या चौरसासाठी तीन महिने घालवले त्याचंही नाही. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "आधी फक्त ओळख पटवून घेऊ. मूळ पासपोर्ट जरा कॅमेऱ्यासमोर धराल?"

कप्पा क्रमांक अकरा. रिकामा.

पासपोर्ट शेजारच्या खोलीत स्कॅनरच्या काचेवर पालथा पडला होता, हे मला त्याच क्षणी स्वच्छ दिसलं.

"मॅडम," मी म्हणाले, "आहे माझ्याकडे. पण तिकडे राहिलाय."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. 'बाई, वही केलीय, पण घरी राहिली' असं कोणी म्हणालं, की माझ्या चेहऱ्यावर येतं तेच.