कागद दाखवायला काय जातं म्हणे!

आज सकाळी आपल्याच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दादांनी लिहिलं, "नोकरी हवी तर मागतील ते कागद दाखवावेत, त्यात भेदभाव कसला?" खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझी नणंद अमेरिकेची नागरिक होऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी तिला नवी नोकरी लागली. पहिल्या दिवशी आय-नाइन फॉर्मसाठी (कामाची परवानगी तपासायचा सरकारी फॉर्म) तिने ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड पुढे केलं. एचआरच्या बाईने ते हातातही घेतलं नाही. आडनाव वाचून विचारलं, "ग्रीन कार्ड कुठाय?" अहो, नागरिक होताना ग्रीन कार्ड सरकारजमा करावं लागतं! तर म्हणे, मग पासपोर्ट आणा. तो नूतनीकरणाला गेलेला. "आला की या." तिच्याच बरोबर रुजू झालेल्या गोऱ्या मुलीने हीच दोन कार्डं दिली आणि तिचा फॉर्म तिथल्या तिथे पुरा झाला.

मालकांनी कामाची परवानगी तपासावी, हा नियम १९८६ च्या कायद्याने आला. त्याच कायद्याने भेदभावालाही बंदी घातली, कारण परके दिसणाऱ्यांना लोक दारातूनच परत पाठवतील हे तेव्हाच दिसत होतं. या फॉर्मसाठी चालणाऱ्या कागदांच्या यादीतले कोणते द्यायचे हे कामगार ठरवतो, एचआर नाही. पासपोर्ट एकटा चालतो, तशीच नणंदेने दिलेली जोडीही चालते. वर कागद दाखवायला तीन कामकाजी दिवसांची मुदत असते. हिला तर उभ्या उभ्या परत पाठवलं!

कंपन्यांना दंडाची धास्ती असते, मान्य. पण ती धास्ती त्या गोऱ्या मुलीच्या वेळी कुठे गेली होती?

आणि आपलेही लोक काही कमी नाहीत. "फक्त एच-वन किंवा ओपीटी" (एच-वन म्हणजे कामाचा व्हिसा, ओपीटी म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) अशा जाहिराती आपल्याच कन्सल्टन्सीवाले टाकतात, म्हणजे नागरिकांनी अर्जच करायचा नाही. तोही भेदभावच. व्हिसावाल्यांसाठी जागा राखून इतरांना डावलल्याच्या आरोपावरून २०२१ मध्ये याच फेसबुकने १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंत भरायचं कबूल करून न्याय खात्याशी तडजोड केली.

नणंद म्हणते, "जाऊ दे ना वहिनी, आता कामावर घेतलंय ना." पासपोर्ट येईपर्यंतचा पगार बुडाला तो बुडालाच. तिचं भय कळतं मला. नव्या जागी तक्रारखोर म्हणून नाव कुणाला हवंय? तिच्या जागी मी असते तर माझेही पाय लटपटले असते. म्हणून तिच्यावर रागवत नाही. राग आहे तो अंगठे देणाऱ्यांवर. तुमच्या मुलींची आडनावंसुद्धा तशीच आहेत, विसरू नका.

कुणाबरोबर असं झालं असेल तर न्याय खात्याकडे १८० दिवसांत तक्रार करता येते. तक्रार केली म्हणून त्रास देणं हेही बेकायदेशीरच धरलं जातं. हेल्पलाइन १-८००-२५५-७६८८, नाव न सांगताही बोलता येतं. फॉर्म भरताना सोबत कुणी हवं असेल तर मला मेसेज करा, मी बसेन.