गंगापूर रोडवरील सदनिकेच्या विक्रीबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या दिवंगत आईंच्या सदनिकेची विक्री आमच्या दलाली कार्यालयामार्फत झाली, तिच्याबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. फेब्रुवारीत हाती घेतलेले काम सप्टेंबरमध्ये पुरे झाले, आलेले पहिले गिऱ्हाईक आमच्या कागदी हट्टामुळे गेले, जर्मनीतील आपल्या भगिनींचे आम्ही कान भरले आणि घर रिकामे करताना आईंचा तांब्याचा बंब भंगारात गेला, असे आपले म्हणणे आहे. आपण स्वतः जेवढे जाहीर केले आहे, तेवढ्यापुरतेच मी येथे लिहीत आहे.

सहीचा अधिकार आपल्याकडे होता, असे आपण लिहिता. आईंनी आजारपणात आपल्याला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, करून दिले होते, हे खरे आहे. परंतु ते देणारी व्यक्ती निवर्तली की असे मुखत्यारपत्र संपते, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ मध्येच आहे. सोसायटीत आपण नॉमिनी होता, तेही पुरेसे नव्हते, कारण शेअर सर्टिफिकेट नॉमिनीच्या नावे झाले तरी मालकी वारसांचीच राहते. वडील आधीच गेलेले, मृत्युपत्र केलेले नाही आणि अपत्ये दोनच. त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार आपण आणि भगिनी निम्म्या-निम्म्या हिश्श्याचे धनी होता. मार्चअखेर टोकन दिलेल्या गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलांनी नेमके याच मुद्द्यावर गृहकर्ज अडवले आणि त्या कुटुंबाला थांबणे शक्य नव्हते.

मात्र हे सारे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगायला हवे होते. मुखत्यारपत्र आणि आईंच्या मृत्यूचा दाखला, दोन्ही आम्ही एकाच फाइलमध्ये लावले आणि तरीही घर दाखवायला सुरुवात केली. जवळजवळ दोन महिने त्यात गेले, ते सर्वस्वी आमच्या चुकीने. त्या दोन महिन्यांची सोसायटीची देखभाल वर्गणी आणि घरपट्टी मी आमच्या दलालीतून आपल्याला परत करत आहे.

पुढचा वेळ मात्र टाळता येणारा नव्हता. भगिनींना तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन नवे मुखत्यारपत्र साक्षांकित करावे लागले, ते येथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या मुदतीत मुद्रांकित करून घ्यावे लागले आणि त्या अनिवासी असल्याने त्यांच्या हिश्श्यावरील करकपातीला निवासी विक्रेत्याचा १ टक्क्याचा नियम लागू होत नसल्यामुळे आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्रही आणावे लागले. भगिनींच्या नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या संमतीवर दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवता येत नाही.

भगिनींना फोन मीच केला होता. या घरात आपला निम्मा हिस्सा आहे, तो आपण विकू शकता किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने भावाला देऊ शकता, एवढेच मी त्यांना सांगितले. आपण दुखावलात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आईंच्या आजारपणात सारी धावपळ आपणच केली, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत हे ठाऊक असलेच पाहिजे, आणि उद्या असा प्रसंग आला तरी मी तो फोन करीन.

बंबाबद्दल माझ्याकडे कोणतेही समर्थन नाही. माळ्यावरचे सामान काढण्यापूर्वी आपल्याला बोलवायचे ठरले होते. आमच्या माणसाने तसे न करता जुनी भांडी, पत्र्याची कोठी आणि बंब एकाच हातगाडीवर घातले. त्याला मी नीट सांगितले नव्हते, म्हणून हा दोष माझा आहे. ज्या भंगारवाल्याने ते नेले, त्याच्याकडे मी दोनदा जाऊन आलो. त्याने तांब्या-पितळेचे सामान पुढे भांडी बाजारात दिल्याचे सांगितले आणि गेला आठवडाभर मी तिथल्या दुकानांत चौकशी करत आहे. बंबावर आईंचे किंवा आजीचे नाव घातलेले होते का आणि त्याची तोटी पितळेची होती का, एवढे कृपया फोनवर कळवावे, म्हणजे समोर आलेला बंब तोच आहे याची मला खात्री करता येईल.

आपला नम्र,
संचालक, नाशिक