चवीपुरतं मीठ

मुलुंड पूर्वेच्या माणसाला मिठाचं अप्रूप नसावं. हायवे ओलांडला की मिठागरं. तरीही आमच्या सोसायटीने ५० किलोच्या ७ गोणी मीठ विकत आणून स्विमिंग पूलमध्ये ओतलं. हिशोब चोख होता: पाणी १ लाख लिटर, मीठ हवं ३,५०० पीपीएम (दहा लाख भागांत ३,५०० भाग), म्हणजे ३५० किलो. समुद्रात याच्या दसपट असतं. आमचं पाणी चुकून तोंडात गेलंच, तर मीठ विसरलेल्या वरणासारखं लागतं.

"आता क्लोरिन बंद, सगळं नैसर्गिक!" असं सेक्रेटरींनी सभेत जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. वास्तविक ते खारं पाणी यंत्रातल्या सेलमधून जातं आणि विजेच्या जोरावर मिठातून क्लोरिनच निघतो. पूर्वी विकत आणायचो, आता घरच्या घरी गाळतो, एवढाच फरक. पण टाळ्या वाजत असताना कोण सांगणार?

मला बारावीला केमिस्ट्री होती, हे मी कधीतरी लिफ्टमध्ये बोललो असणार. पाणी तपासायची पेटी माझ्याकडे आली ती त्या जोरावर.

या पेटीत काचेच्या दोन नळ्या. एकीत थेंब टाकले की क्लोरिनचा पिवळा रंग येतो, दुसरीत फिनॉल रेडचे थेंब टाकले की पीएच (पाणी किती आंबट त्याचा आकडा; आकडा कमी तितकं पाणी आंबट) कळतो. पिवळट आला तर कमी, लालगुलाबी आला तर जास्त, आणि आपल्याला हवा ७.२ ते ७.८च्या मधला. नळी उजेडात धरून शेजारच्या छापील पट्टीशी रंग जुळवायचा, की झालं. मी एकटा असतो तर झालंही असतं.

"डाळिंबी आहे," बी विंगमधल्या काकू म्हणाल्या.

"छे हो, अबोली. माझ्या भाचीच्या साखरपुड्याची साडी अशीच होती."

"अबोली इतकी गडद असते का कधी? हा राणी कलर."

पट्टीवर यातलं काहीच छापलेलं नव्हतं. दरम्यान पूलवाला अ‍ॅसिडचा कॅन घेऊन ताटकळत उभा. "साहेब, टाकू का नको?"

टाकावंच लागतं. खाऱ्या पाण्याच्या पूलचा पीएच आपला आपण चढत राहतो. पाण्याला आंबट ठेवणारा कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सेलमधले हायड्रोजनचे बुडबुडे त्याला हाकलायला मदत करतात. त्यात सेक्रेटरींनी 'रिसॉर्टसारखं वाटावं' म्हणून छोटा धबधबा बसवला. जितकं पाणी उसळेल तितका वायू जास्त उडणार आणि पीएच आणखी वर. अ‍ॅसिड टाकलं की पीएच उतरतो, पण सोबत अल्कलिनिटीही, म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवायची पाण्याची ताकदही, घसरते. ती ८० पीपीएमच्या खाली गेली की पीएच सैरभैर. मग तिला सावरायला खायचा सोडा. १० पीपीएमने चढवायची तर लाख लिटरला साधारण पावणेदोन किलो.

"साडेतीन किलो सोडा?" वाण्याने चष्म्यावरून पाहिलं. "भजी किती माणसांची आहेत?"

सोड्याने पीएच पुन्हा थोडा वर. पुन्हा पेटी, पुन्हा अबोली.

मग पावसाळा. उपनगरात मोसमात सरासरी २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आमच्या पूलची सरासरी खोली १.२ मीटर. म्हणजे पूलमध्ये मावतं त्याहून जास्त पाणी वरून येतं आणि मीठ घेऊन गटारात उतरतं. यंत्रावर 'मीठ कमी'चा लाल दिवा लागतो, शेवाळ धरतं, आणि मी छत्रीखाली उभा राहून मिठाच्या गोण्या मोजतो. खजिनदार बिल बघतात आणि एकच प्रश्न विचारतात: "टाटाचं आणता की काय?" आयोडीनयुक्त चालत नाही, हे मी त्यांना लेखी दिलंय.

परवा शेजारच्या टॉवरची कमिटी पूल बघायला आली. त्यांनाही मिठाचा करायचाय. सेक्रेटरींनी धबधबा सुरू केला, हात पसरून म्हणाले, "मेंटेनन्स? काही म्हणजे काही नाही!" आणि माझ्याकडे वळले. "हे आमचे केमिस्ट. नंबर लिहून घ्या, रात्री-अपरात्रीसुद्धा फोन उचलतात."